कोपरातले पंधरा अंश

जून १९६०. लॉर्ड्सवर इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला दुसरा कसोटी सामना सुरू होता. दक्षिण आफ्रिकेचा जेफ ग्रिफिन हा एकवीस वर्षांचा जलदगती गोलंदाज. ९९ धावांवर पोहोचलेल्या माइक स्मिथला त्यानं यष्टिरक्षकाकडे झेल द्यायला लावलं आणि पुढच्या दोन चेंडूंवर पीटर वॉकर व फ्रेड ट्रुमन यांच्या यष्ट्या उडवल्या. कसोटी क्रिकेटमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोलंदाजानं घेतलेली ही पहिली हॅटट्रिक. लॉर्ड्सवरच्या कसोटीतलीही पहिलीच.

त्याच डावात पंच फ्रँक ली यांनी ग्रिफिनचे ११ चेंडू नोबॉल ठरवले. त्याचा पाय रेषेपुढे गेला नव्हता. ली यांचं म्हणणं असं की तो चेंडू टाकत नाही, फेकतो.

कसोटी चौथ्या दिवशी लवकर आटोपली, म्हणून प्रेक्षकांसाठी एक प्रदर्शनीय सामना खेळवला गेला. त्यात तरी ग्रिफिनला सुखानं हात फिरवता येईल असं वाटलं असेल. पण दुसरे पंच सिड बुलर यांनीही त्याला नोबॉल द्यायचा सपाटा लावला. षटक संपायचं नाव घेईना. शेवटी ग्रिफिननं खांद्याखालून, अंडरआर्म चेंडू टाकला. तोही नोबॉल! शैली बदलत असल्याची पूर्वसूचना त्यानं दिली नव्हती. हॅटट्रिकच्या त्या सामन्यानंतर ग्रिफिन पुन्हा एकही कसोटी खेळला नाही. शाळकरी वयात झालेल्या अपघातामुळे त्याचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसे.

मराठीत 'फेकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. हातातली वस्तू दूर भिरकावणे हा एक. थापा मारणे हा दुसरा. 'तो फेकतोय' असं आपण गोलंदाजाबद्दल म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही अर्थ एकाच दमात उच्चारतो: याचा हात वाकडा आहे आणि हा लबाडही आहे. क्रिकेटच्या जगात हा गुंता गेली सव्वाशे वर्षं सुटलेला नाही. चौकार अडला की नाही, झेल टिपला की नाही, यावरून वाद होतात आणि विसरले जातात. कोपराचा वाद मात्र माणसाच्या नावाला चिकटतो तो कायमचा. म्हणून हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडवून बघायला हवेत.

फेक म्हणजे नेमकं काय?

चिंचेच्या झाडावर दगड मारणारं पोर डोळ्यांसमोर आणा. ते हात मागे नेतं, कोपरात वाकवतं आणि पुढे झटका देताना कोपर सरळ करतं. खांद्याच्या गतीत कोपराच्या झटक्याची भर पडते, दगड सुसाट जातो. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू पाठवणारा क्षेत्ररक्षक हेच करतो. सरळ हात चक्रासारखा फिरवून चिंचा पाडायला कोणी जात नाही, कारण त्यात ना वेग मिळतो ना नेम. गोलंदाजाला क्रिकेटनं नेमकी हीच सोय नाकारली आहे. हा खेळ गोलंदाजाला सांगतो की पळत ये, उडी मार, खांदा फिरव, मनगट हवं तसं वळव. पण कोपराचा झटका तुझा नाही.

नियमाची भाषा समजून घेऊ. चेंडू टाकताना हात फिरत वर येतो आणि एका क्षणी खांद्याच्या पातळीत पोहोचतो. त्या क्षणापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर अंशतः किंवा पूर्णतः सरळ होता कामा नये. नियम एवढाच आहे. आता तो काय म्हणत नाही ते पाहा. हात सरळच असला पाहिजे असं तो म्हणत नाही. सुरुवातीपासून वाकलेला हात शेवटपर्यंत तसाच वाकलेला राहिला, तर चेंडू शंभर टक्के वैध. सरळ असलेला हात मध्येच वाकला तरी हरकत नाही. मनगटाच्या हालचालीला तर नियमात उघड परवानगी आहे. गुन्हा एकच: वाकलेलं कोपर सरळ होणं.

टीव्हीसमोर बसून 'बघ, हात वाकडा आहे!' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही गोष्ट ठाऊक नसते. वाकडा असणं आणि सरळ होणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिली स्थिती आहे, दुसरी हालचाल. स्थिती फोटोत दिसते. हालचाल फोटोत दिसत नाही.

खांद्याखालून खांद्यावर

मुंबईतल्या चाळींच्या आणि इमारतींच्या आवारात आजही अंडरआर्म क्रिकेट खेळलं जातं. जागा कमी आणि खिडक्यांच्या काचा जास्त, म्हणून. पण क्रिकेटची मूळ गोलंदाजी तीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चेंडू खांद्याखालूनच टाकायचा असे. केंटच्या जॉन विलीस यांनी हात बाजूनं, खांद्याच्या उंचीला आणायचा प्रयत्न केला. ही युक्ती त्यांना बहिणीमुळे सुचली, घोळदार झग्यामुळे तिला खालून चेंडू टाकता येत नसे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १८२२ मध्ये लॉर्ड्सवर विलीस यांना नोबॉल दिला गेला आणि ते चेंडू टाकून, घोड्यावर मांड ठोकून मैदानातून निघून गेले, असं सांगतात.

पुढे १८३५ मध्ये खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्याला मान्यता मिळाली. मग गोलंदाज खांद्याच्या वर हात नेऊ लागले. १८६२ मध्ये ओव्हलवर पंच जॉन लिलीव्हाइट यांनी एडगर विल्शर यांना हात खांद्यावर गेला म्हणून सलग नोबॉल दिले. खेळाडूंनी मैदान सोडलं. दोन वर्षांनी, १८६४ मध्ये नियमच बदलला आणि आज आपण ज्याला गोलंदाजी म्हणतो ती अधिकृत झाली.

या क्रमाकडे नीट पाहा. प्रत्येक टप्प्यावर गोलंदाजाचा हात आधी वर गेला, गदारोळ झाला, आणि नियम मागून धापा टाकत आला. पुढे येणाऱ्या पंधरा अंशांच्या गोष्टीतही हेच घडलं आहे.

हात डोक्यावरून फिरवायची मुभा मिळाल्यावर नवा प्रश्न उभा राहिला: डोक्यावरून टाकणं आणि डोक्यावरून फेकणं यांतला फरक ओळखायचा कसा? बराच काळ नियमात 'फेक' या शब्दाची व्याख्याच नव्हती. पंचाच्या डोळ्याला जे खटकेल ती फेक. जिम फिलिप्स या पंचांचा डोळा त्या काळात सगळ्यांत कडक. १८९७-९८ च्या मोसमात त्यांनी मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या एर्नी जोन्सला नोबॉल दिला. फेकीसाठी कसोटीत दिला गेलेला तो पहिला नोबॉल. १९०१ मध्ये मँचेस्टरला त्यांनी लँकेशायरच्या आर्थर मोल्डचे १६ चेंडू फेकी ठरवले. मोल्डची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली.

त्यानंतर प्रकरण थंडावलं आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उसळलं. इंग्लंडच्या टोनी लॉकनं स्वतःच्या गोलंदाजीचं चित्रण पाहिलं आणि आपणहून शैली बदलली. पुढे ग्रिफिन गेला. मग ७ डिसेंबर १९६३ रोजी ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या इयन मेकिफला पंच कॉल एगर यांनी एकाच षटकात चारदा नोबॉल दिला. कर्णधार रिची बेनॉनं त्याला पुन्हा चेंडू दिला नाही. त्या सामन्याबरोबर मेकिफनं क्रिकेट सोडलं.

ब्रिजटाऊनचा चेंडू

या विषयाला भारताच्या बाजूनं एक जखम आहे. मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असलेला भारतीय संघ बार्बाडोसविरुद्ध ब्रिजटाऊनला खेळत होता. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटी फुटली. तातडीनं शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे कर्णधारपद आलं ते असं. कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये काढण्यात आली.

त्याच सामन्यात पुढे पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी ग्रिफिथला फेकीसाठी नोबॉल दिला. इथून वादाला धार आली. ग्रिफिथ फेकत असेल तर त्या जास्तीच्या वेगानं एक माणूस मरणाच्या दारात गेला, असा त्याचा अर्थ होत होता. कॉन्ट्रॅक्टर यांनी स्वतः मात्र ग्रिफिथला कधी दोष दिला नाही. आपलं लक्ष क्षणभर विचलित झालं होतं, असंच ते सांगत आले.

आपण या गोष्टीत फक्त बळी नव्हतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९५९ च्या डिसेंबरात कानपूरला भारतानं ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते अहमदाबादच्या जसू पटेल यांच्या १४ बळींच्या जोरावर. पहिल्या डावात त्यांनी ६९ धावांत ९ बळी घेतले होते. लहानपणी झाडावरून पडून पटेल यांचा हात मोडला होता आणि त्यांच्या शैलीत एक झटका होता. त्या झटक्याला आपण 'वैशिष्ट्यपूर्ण' म्हणतो. हाच झटका समोरच्या संघातल्या गोलंदाजात दिसला असता तर आपण कोणता शब्द वापरला असता? फेकीच्या वादात डोळा नेहमी स्वतःच्या संघाची टोपी घालून बघतो.

मुरलीचा हात

२६ डिसेंबर १९९५. मेलबर्न. ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका. पंच डॅरेल हेअर गोलंदाजाच्या टोकाला उभे होते. फेकीचा निर्णय बहुधा स्क्वेअर लेगचा पंच देतो, कारण कोपर बाजूनं नीट दिसतं. हेअर यांनी गोलंदाजाच्या टोकाकडूनच मुथय्या मुरलीधरनला तीन षटकांत सात नोबॉल दिले. गोंधळलेला कर्णधार अर्जुना रणतुंगा सल्ल्यासाठी मैदानाबाहेर गेला आणि परत आल्यावर त्यानं मुरलीला दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी दिली. तिकडे पंच होते न्यूझीलंडचे स्टीव्ह डन. त्यांनी एकही नोबॉल दिला नाही. एकच मैदान, एकच दिवस, एकच हात. एका पंचाला फेक दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. वादाचं मूळ याहून स्पष्ट कुठे सापडणार?

दहाच दिवसांत ब्रिस्बेनच्या एकदिवसीय सामन्यात रॉस इमर्सन यांनी मुरलीला नोबॉल दिला. मुरली लेगस्पिन टाकू लागला. लेगब्रेक फेकणं फार अवघड, तरी तोही नोबॉल. मग १९९९ च्या जानेवारीत ॲडलेडला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात इमर्सन यांनी पुन्हा तेच केलं. या वेळी रणतुंगानं बोट रोखून पंचांशी हुज्जत घातली आणि संघाला सीमारेषेपर्यंत नेलं. सामना थांबला. कधी नव्हे ते मैदानात पंच एकटे आणि कर्णधार वकिलाच्या भूमिकेत, असं चित्र जगानं पाहिलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि तीनशेवर धावांचा पाठलाग करत श्रीलंकेनं एका गड्यानं सामना जिंकला.

दरम्यान मुरलीच्या हाताची वैद्यकीय तपासणी झाली होती. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात आणि हाँगकाँगमध्ये त्याच्या गोलंदाजीचं बारकाईनं चित्रण झालं. निष्कर्ष असा निघाला की त्याचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. तो वाकलेल्या हातानं सुरुवात करतो आणि वाकलेल्या हातानंच चेंडू सोडतो. त्याचं मनगट आणि खांदा विलक्षण लवचीक आहेत. या सगळ्यामुळे पाहणाऱ्याला झटका दिसतो.

तरी संशय गेला नाही. भारताचे माजी फिरकीपटू बिशनसिंग बेदी त्याला भालाफेकपटू म्हणत राहिले. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी तो चेंडू फेकतो असं जाहीरपणे म्हटलं आणि मुरली त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला नाही. त्याच वर्षी त्यानं कोपर हलूच नये अशी पट्ट्यांची घट्ट चौकट हाताला बांधून कॅमेऱ्यांसमोर गोलंदाजी करून दाखवली. चेंडू तसेच वळत होते, आणि हात सरळ होण्याची शक्यताच नसताना पाहणाऱ्यांना झटकाही तसाच दिसत होता.

तारेची सावली

हे कसं शक्य आहे? घरच्या घरी करून पाहा.

कपडे अडकवायचा एक जुना तारेचा हँगर घ्या आणि त्यातून वीतभर लांबीचा तुकडा कापा. मधोमध थोडासा वाकवा, अगदी तीस अंश पुरे. रात्री दिवा बंद करा, भिंतीवर टॉर्चचा झोत पाडा आणि तार त्या झोतात धरून बोटांमध्ये हळूहळू फिरवा. भिंतीवरची सावली बघा. आधी वाकलेली, मग कमी वाकलेली, मग एका क्षणी सरळ, मग पुन्हा वाकलेली. तार मात्र जशी होती तशीच आहे. तिचा कोन एका अंशानंही बदललेला नाही.

पंचाच्या डोळ्यातली आणि टीव्हीच्या पडद्यावरची प्रतिमा ही अशीच एक सावली असते. हात तीन मितींत फिरतो, प्रतिमा दोन मितींत उमटते. वाकलेला हात खांद्यातून फिरताना सरळ झाल्याचा भास होतो, तो या सावलीमुळे. त्यातून काहींचं कोपर जन्मतः बाहेरच्या बाजूला झुकलेलं असतं, काहींचं उलट्या दिशेनं मागे जातं. शोएब अख्तरचं कोपर असं मागे जायचं. जसप्रीत बुमराचंही जातं. संथ चित्रणात ते विचित्र दिसतं, पण सांधा सैल असणं म्हणजे फेकणं नव्हे.

भर पडते वेगाची. हात खांद्याच्या पातळीत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जातो. सेकंदाला २५ चित्रं घेणारा कॅमेरा तेवढ्यात दोन-तीन चित्रं टिपेल. स्क्वेअर लेगला उभ्या असलेल्या माणसानं तेवढ्या वेळात कोपराचा कोन मोजायचा आणि हजारो लोकांसमोर कोणाची कारकीर्द संपवायची, अशी आपली अपेक्षा होती. हेअर, इमर्सन, एगर यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण जे डोळ्याला दिसूच शकत नाही ते बघण्याचं काम नियमानं त्यांच्यावर टाकलं होतं.

पंधरा कुठून आले?

मग डोळ्याच्या जागी यंत्र आलं. प्रयोगशाळेत गोलंदाजाच्या उघड्या अंगावर खांदा, कोपर आणि मनगट यांच्या आजूबाजूला प्रकाश परावर्तित करणारे बोराएवढे लहान गोळे चिकटवतात. सभोवती कॅमेरे असतात, सेकंदाला अडीचशेच्या आसपास चित्रं घेणारे. गोलंदाज पूर्ण धाव घेऊन चेंडू टाकतो, प्रत्येक प्रकारचा चेंडू अनेकदा. संगणक त्या गोळ्यांच्या जागा जोडून हाताची त्रिमितीय आकृती उभी करतो आणि कोपर किती अंशांनी सरळ झालं ते सांगतो. सावली गेली, तार हातात आली.

सुरुवातीला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं, म्हणजे आयसीसीनं, वेगानुसार सूट ठेवली होती: जलदगती गोलंदाजाला १० अंश, मध्यमगतीला साडेसात आणि फिरकीला ५. मग इंग्लंडमध्ये २००४ च्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत गोलंदाजांचं चित्रण करून ते तपासलं गेलं आणि तज्ज्ञांनाही धक्का बसला. ज्यांच्याकडे आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं, ज्यांच्या शैली पाठ्यपुस्तकात शोभाव्यात, असे बहुतेक सगळे गोलंदाज चेंडू टाकताना कोपर थोडंबहुत सरळ करत होते. हात जोरात फिरवला की सांध्यावर ताण येतो आणि तो हलतोच. नियमातलं 'अंशतःही सरळ होऊ नये' हे वाक्य अक्षरशः लावायचं तर जगात गोलंदाज जवळजवळ उरलेच नसते.

आयसीसीच्या समितीत माजी खेळाडू होते. त्यातले मायकल होल्डिंग तर मुरलीचे कडवे टीकाकार. मोजमापं समोर आल्यावर त्यांनीही मत बदललं. १ मार्च २००५ पासून सर्वांसाठी एकच मर्यादा आली: १५ अंश. हा आकडा निसर्गानं दिलेला नाही. सामान्य गोलंदाजाचं कोपर आपोआप जितकं हलतं त्याच्या वर आणि साध्या डोळ्याला झटका जाणवू लागतो त्याच्या आसपास, अशी ही रेघ आखली गेली.

'मुरलीसाठी नियम बदलला' हा आरोप तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. त्याला आधार नाही असं नाही. मुरलीचा 'दुसरा' हा चेंडू २००४ मध्ये मोजला तेव्हा तो जुन्या पाच अंशांच्या कितीतरी पुढे, चौदाच्या घरात होता. जुना नियम राहिला असता तर तो चेंडू बाद झाला असता. पण त्याच जुन्या नियमानं कित्येक नामांकित जलदगती गोलंदाजही बाद झाले असते, ही आरोपाची झाकली जाणारी दुसरी बाजू आहे. मुरलीमुळे नियम तपासला गेला, हे खरं. तपासल्यावर तो जवळजवळ कोणालाच पाळता येत नाही असं दिसलं, हेही खरं.

'दुसरा'ची किंमत

'दुसरा' हा शब्द जगभरच्या क्रिकेटला पाकिस्तानच्या सकलेन मुश्ताकनं दिला. आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. ऑफस्पिनरचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजासाठी आत येतो. हा त्याच हातानं टाकलेला, पण बाहेर जाणारा. त्यासाठी चेंडू सुटताना हाताची मागची बाजू फलंदाजाकडे यावी लागते. हात पूर्ण सरळ ठेवून मनगट इतकं वळवणं बहुतेकांना जमत नाही. कोपर वाकतं, आणि चेंडू सोडताना सरळ होतं. 'दुसरा' टाकणारे गोलंदाज प्रयोगशाळेत वारंवार सापडतात त्याचं कारण हे. दक्षिण आफ्रिकेच्या योहान बोथाला २००९ मध्ये बाकीची गोलंदाजी करायची परवानगी मिळाली, 'दुसरा' मात्र बंद.

२०१४ साली आयसीसीनं अचानक कडक पवित्रा घेतला. श्रीलंकेचा सचित्र सेनानायके, न्यूझीलंडचा केन विल्यमसन, झिम्बाब्वेचा प्रॉस्पर उत्सेया, बांगलादेशचा सोहाग गाझी, पाकिस्तानचा मोहम्मद हफीज असे एकामागून एक गोलंदाज दोषी ठरले. वेस्ट इंडिजच्या सुनील नारायणला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला मुकावं लागलं. सगळ्यांत मोठा मासा पाकिस्तानचा सईद अजमल. एकदिवसीय क्रमवारीत तो पहिल्या क्रमांकावर होता. ब्रिस्बेनच्या चाचणीत त्याचे सगळ्या प्रकारचे चेंडू मर्यादेच्या बाहेर निघाले आणि सप्टेंबरमध्ये बंदी आली. त्यानं शैली बदलली, २०१५ च्या फेब्रुवारीत पुन्हा चाचणी उत्तीर्ण केली, एप्रिलमध्ये बांगलादेशात परतला. पण हात वैध झाला आणि जादू गेली. ते त्याचे अखेरचे आंतरराष्ट्रीय सामने ठरले.

२०१४ च्याच डिसेंबरात भारतीय क्रिकेट मंडळानं डावखुरा फिरकीपटू प्रज्ञान ओझाची गोलंदाजी थांबवली. चेन्नईत चाचणी देऊन तो पुढच्या महिन्यात परत आला. योगायोग असा की २०१० मध्ये गॉलच्या मैदानावर मुरलीनं आपल्या शेवटच्या कसोटी चेंडूवर आठशेवा बळी घेतला, तो याच ओझाचा.

चाचणीची चाचणी

आज पद्धत ठरलेली आहे. मैदानावरच्या पंचांना शंका आली तर ते सामन्यानंतर अहवाल देतात, गोलंदाज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, मर्यादा ओलांडली असेल तर निलंबन, शैली सुधारल्यावर पुन्हा चाचणी. दोन वर्षांत दुसऱ्यांदा निलंबन झालं तर वर्षभर थांबायचं. ग्रिफिन किंवा मेकिफसारखी भर मैदानातली शिक्षा आता सहसा होत नाही, ही पद्धतीची मोठी मिळकत आहे. २०२५ च्या सुरुवातीला श्रीलंकेत बळींची रास रचलेल्या ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू कुनमनबद्दल अहवाल गेला. काही दिवसांत ब्रिस्बेनला चाचणी झाली, तो निर्दोष ठरला आणि गोष्ट संपली. १९९५ मध्ये मुरलीला हे मिळालं नव्हतं.

पण यंत्रालाही एका प्रश्नाचं उत्तर देता येत नाही: सामन्यातला हात आणि प्रयोगशाळेतला हात एकच आहे का? बांगलादेशच्या शाकिब अल हसनचं उदाहरण घ्या. १८ वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळल्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरेकडून एका कौंटी सामन्यात त्यानं साठहून अधिक षटकं टाकली आणि पंचांनी पहिल्यांदा त्याच्या शैलीवर बोट ठेवलं. तो इंग्लंडमधल्या लफबरोच्या चाचणीत नापास झाला, मग चेन्नईत नापास झाला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिसऱ्या प्रयत्नात पास झाला. दमलेला खांदा कोपराकडून काम करून घेतो. वातानुकूलित सभागृहात, ताज्या अंगानं टाकलेल्या मोजक्या चेंडूंवरून पाचव्या दिवशीच्या चाळिसाव्या षटकाचा कोन कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेतली शैली सामन्याच्या चित्रणाशी ताडून पाहतात. ती तुलना मात्र पुन्हा माणसाच्या डोळ्यानंच होते.

आता त्या दोन 'फेकण्यां'कडे परत येऊ. ज्याचं कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होतं त्याचा चेंडू अवैध आहे, आणि तो थांबवलाच पाहिजे. समोरच्या फलंदाजाचा तो हक्क आहे. पण सेकंदाच्या दहाव्या भागात आपलं कोपर किती अंश हललं हे खुद्द गोलंदाजालाही कळत नाही. ज्याला जे कळतच नाही त्याबाबत तो थाप मारतोय असं म्हणता येत नाही. आपली मराठी वर्तमानपत्रं यासाठी 'सदोष शैली' असा शब्द वापरतात. शब्द रुक्ष आहे, पण न्याय्य आहे. दोष दुरुस्त करता येतो. लबाडीचा शिक्का धुता येत नाही.

दुरुस्तीची खरी वेळ मात्र आंतरराष्ट्रीय सामना नव्हे. तिशीत शैली बदलणं म्हणजे काय ते अजमलनं दाखवून दिलं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा टेनिसच्या चेंडूनं झटका देऊन यॉर्कर टाकतो, बळी मिळतात, टाळ्या पडतात, स्थानिक स्पर्धेत बक्षीस मिळतं, आणि कोणीच काही बोलत नाही. दहा वर्षांनी तोच मुलगा लेदर चेंडूच्या निवड चाचणीत उभा राहतो, आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी सांगतं की तुझा हात चुकतोय. तोवर ती सवय हाडात मुरलेली असते.

म्हणून नेट्सवर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाला, आणि मुलाला पहाटे मैदानावर सोडणाऱ्या पालकांना एक विनंती. प्रयोगशाळा चेन्नईत असली तरी मोबाइल खिशात आहे. मुलाची गोलंदाजी संथ चित्रणात टिपा. एका बाजूनं नव्हे, समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, कारण एकच सावली फसवते. कोपर सरळ होताना दिसलं तर त्याला चार मुलांत 'फेकतोस' म्हणू नका. बाजूला घ्या, चित्रण दाखवा आणि त्याच संध्याकाळपासून हात बदलायला लावा.